प्रशिक्षकांचे मौन

पहाटे साडेपाच वाजता वर्तकनगरातील आमच्या घरात दिवा लागतो, तो दुकानासाठी नव्हे, बॅडमिंटनसाठी. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि गेली चार वर्षे एकाच प्रशिक्षकांकडे शिकते आहे. या चार वर्षांत त्यांनी तिला ‘छान खेळलीस’ असे म्हटल्याचे माझ्या कानांवर आलेले नाही. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला जमाखर्चाची सवय असते. फी दरमहा जाते, कौतुक मात्र येत नाही, हे मला बरेच दिवस सलत होते.

गेल्या वर्षी पर्युषणात तिने एक उपवास केला. दिवसभर केवळ उकळलेले पाणी, तेही दिवस वर आल्यानंतर. त्या पहाटे ती नेहमीप्रमाणे सरावाला गेली. उपवासाची गोष्ट तिने सरांना सांगितली नाही आणि आम्हालाही ते सुचले नाही. अर्ध्या तासात तिला भोवळ आली. सरांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता. “मला आधी कळवायला हवे होते,” ते म्हणाले. मी उत्तरलो, “सर, आमच्या धर्माच्या गोष्टींत आपण पडू नये.” वास्तविक ते धर्माविषयी एक अक्षरही बोलले नव्हते.

रात्री मुलीने आईजवळ मन मोकळे केले. सरांना सांगितले असते तर त्यांनी संघातून वगळले असते, आणि पप्पांना सरांचे बोलणे कळले असते तर त्यांनी खेळच बंद केला असता, अशी तिची दुहेरी भीती होती. ज्या दोन माणसांवर तिची सर्वाधिक श्रद्धा, त्या दोघांपासूनच तिने आपला अशक्तपणा लपवला होता.

ब्रिटनमधील लफबरो विद्यापीठाच्या सोफिया जोवेट यांनी प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्या नात्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. जिव्हाळा, बांधिलकी आणि परस्परपूरकता ही त्या नात्याची तीन अंगे त्या सांगतात आणि त्यांना चौथे जोडतात : एकाच्या मनात काय चालले आहे याचा दुसऱ्याला असलेला अंदाज कितपत खरा आहे. आमच्याकडे पहिली तीन अंगे होती. चौथ्यात सगळेच नापास होतो, मी धरून.

या विषयावर विचार करू लागले की मराठी माणसाला रमाकांत आचरेकर सर आठवल्यावाचून राहत नाहीत. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर निरोपाचे भाषण करताना सचिन तेंडुलकर म्हणाले होते की, एकोणतीस वर्षांत सरांनी आपल्याला कधीही ‘चांगला खेळलास’ म्हटले नाही, कारण त्यामुळे मी सुस्तावेन असे त्यांना वाटे. हे वाक्य अनेक पालक आणि प्रशिक्षक मौनाच्या समर्थनार्थ वापरतात. मीही वापरत असे, विशेषतः दुकानात थोरल्या मुलाला गादीवर बसवल्यापासून. परंतु त्याच भाषणात सरांच्या स्कूटरचाही उल्लेख आहे. एका मैदानावरचा सामना संपला की सर त्या मुलाला स्कूटरवर बसवून दुसऱ्या मैदानावर खेळायला नेत. सरावाच्या अखेरीस यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो सचिनला बाद करील त्याचे ते नाणे, आणि तो शेवटपर्यंत नाबाद राहिला तर त्याचे. अशी तेरा नाणी तेंडुलकरांनी जपून ठेवली. आपल्या भाषेत सांगायचे तर सरांनी शब्दांची उधारी ठेवली नाही, कौतुक रोख दिले. त्यांचे मौन केवळ जिभेचे होते, लक्षाचे नव्हते.

त्याच सरांनी, आपला सामना सोडून शाळेच्या दुसऱ्या संघाचा सामना पाहायला गेलेल्या सचिनला थप्पडही मारली होती. ती गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. माझ्या मुलीवर कोणी हात उचललेला मात्र मला चालणार नाही, आणि या दोन्ही भावना माझ्या मनात एकत्र नांदतात, हे मी मान्य करतो.

नजर चुकवणे तिथेही होतेच. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, तेव्हा डाव घोषित करा असे सांगणाऱ्या सरांच्या सहायकाकडे दोघांनी पाहायचेच टाळले. शेवटी सरांनी फोनवरून थांबायला सांगितले. पण त्या मुलांनी लपवली होती ती धावांची भूक. माझ्या मुलीने भोवळ लपवली. पहिल्या लपवण्यावर गुरू मनातल्या मनात हसू शकतो. दुसऱ्यावर हसता येत नाही.

संवत्सरीला मी नेहमीप्रमाणे मोबाईलवरून शेकडो व्यापाऱ्यांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ पाठवले. एका बोटाने चारशे माणसांची क्षमा मागून झाली. सरांचे नाव त्या यादीत होते. ते मात्र पत्नीने काढायला लावले. “तिथे जाऊन या,” ती म्हणाली, “आणि त्याआधी मुलीला म्हणा.” मुलीपुढे हात जोडताना मला जितका संकोच वाटला तितका कोणत्याही सावकारापुढे वाटला नसेल. ती रडली. मीही.

सर जैन नाहीत. मी हात जोडले तेव्हा ते क्षणभर गोंधळले, मग त्यांनी मला खुर्ची दिली. “उपवास करू नको असे मी तिला कधीच म्हणणार नाही,” ते म्हणाले. “त्या दिवशी ती बाकावर बसून इतरांचे गुण लिहील. त्यातूनही खेळ कळतो. पण मला आदल्या दिवशी समजले पाहिजे, आणि तिच्याकडून.” मग त्यांनी चौविहाराविषयी विचारले. सायंकाळच्या सरावामुळे ती अनेकदा उपाशीच झोपते, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी वही काढली आणि तिच्या नावापुढे प्रत्येक महिन्याची सूर्यास्ताची वेळ लिहून घेतली.

डिसेंबरात एका स्पर्धेत तिचा सामना लांबला. तिसऱ्या गेममध्ये ती थोडक्यात हरली आणि मान खाली घालून बाहेर आली. मी सांत्वनाची वाक्ये जुळवत पुढे झालो. सर माझ्याआधी पोहोचले होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिले, तिच्या पिशवीतून डबा काढून तिच्या हाती दिला आणि म्हणाले, “वीस मिनिटे आहेत. आधी जेव. खेळाचे मग बोलू.”