चष्म्याचा नंबर आणि पाच वाजताची शिकवणी

वर्गातला फळा दिसेनासा झाला, असं मूल सांगतं, आणि घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. गाजरं खायला घाला, गवतावर अनवाणी चालवा, चष्मा सारखा लावू नका, नंबर वाढतो! आमच्या धाकटीला सातव्या वर्षी मायनस दीडचा चष्मा लागला, तेव्हा हे सगळं मी ऐकलं. वर ‘मुलीची जात’ हेही होतंच.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. अशा मुलांचा डोळा पुढून मागे लांबट वाढतो, म्हणून लांबच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. लांबलेला डोळा काही पुन्हा आखूड होत नाही. तेव्हा गाजराची कोशिंबीर जरूर करा, पण तिनं नंबर उतरणार नाही. वाढायचा वेग मात्र कमी करता येतो. नंबर फार वाढला तर पुढे पडदा सुटण्याचा धोका असतो. लग्नापेक्षा मला ती काळजी मोठी वाटली.

आणि मैत्रिणींनो, मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊ नका. मलेशियातल्या २००२ सालच्या एका अभ्यासात अशा मुलांचा नंबर उलट जास्तच वाढला होता.

चीनमधल्या ग्वांगझूत काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या शंभरांत तिसांना लांबचं दिसेनासं झालं. इतर शाळांत सुमारे चाळिसांना. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे चष्मा लागण्याआधी उजेडात खेळण्याचा उपयोग जास्त. आमच्या धाकट्या चिरंजीवांसाठी मी हे लगेच मनावर घेतलं, कारण आम्हा दोघांनाही चष्मा!

अडचण शिकवणीची. पाच ते सात म्हणजे नेमका उजेडाचा वेळ. ती मी सातनंतर करून घेतली. बाई कुरकुरल्या, पण ऐकलं. वाचताना पुस्तक दीड-दोन विती लांब, एवढीही शिस्त लावली.

मुलीला रात्री झोपताना अ‍ॅट्रोपिनचा अगदी सौम्य थेंब घालतो. हाँगकाँगच्या २०१९ सालच्या अभ्यासात तीन सौम्य मात्रांपैकी ०.०५ टक्क्यांची सर्वांत गुणकारी ठरली. पण शेजारणीची बाटली मागून आणू नका. मात्रा डॉक्टरच ठरवतात, आणि आपल्या मनानं बंद केलं तर नंबर पुन्हा भरभर वाढू शकतो. नंबर रोखणाऱ्या खास काचाही मिळतात, पण महाग! आम्ही अजून त्या वाटेला गेलो नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी असते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोघा भावंडांच्या तारखांना लाल गोल केलेला आहे.