कॅन्सल

आज बडोद्याच्या आठवणींत एका इंग्रजी शब्दाची गोष्ट सांगतो.

बँकेत मी ३८ वर्षं काढली. 'कॅन्सल करा' हे दिवसातून पन्नास वेळा तोंडात यायचं. चेक कॅन्सल, ड्राफ्ट कॅन्सल, मार्चअखेरीला तर आमच्या रजासुद्धा कॅन्सल! पण हा शब्द आला कुठून, ते कळलं निवृत्तीनंतर, नातवाची डिक्शनरी चाळताना.

मूळ शब्द लॅटिन. 'कांकेल्ली' म्हणजे पट्ट्यापट्ट्यांची जाळी. लिहिलेला मजकूर रद्द करायचा तर त्यावर आडव्यातिडव्या रेघा मारत. त्या दिसत जाळीसारख्या, म्हणून हे क्रियापद. फ्रेंचमधून ते इंग्रजीत आलं. आणि गंमत बघा, रोमन न्यायालयात अशा जाळीपाशी उभा राहणारा दरवान तो 'कांकेल्लारियुस'. त्याचाच पुढे 'चान्सलर' झाला. मी १९७० साली बी.कॉम. झालो तेव्हा आमच्या सयाजीराव विद्यापीठाचे चान्सलर होते खुद्द महाराजा फत्तेसिंहराव गायकवाड. म्हणजे महाराजांचं पद आणि माझा कॅन्सल झालेला चेक, दोघांचं कूळ एकच!

आमच्या वेळी लेजरं हातानं लिहायची. पहिल्याच दिवशी अकाउंटंटसाहेबांनी बजावलं होतं, "खोडरबर नाही, गिरवणं नाही. चुकलं तर एक रेघ मारा, वर बरोबर आकडा लिहा, बाजूला सही करा. खालचा आकडा वाचता आलाच पाहिजे." मला वाटायचं, हे सगळं ऑडिटवाल्यांसाठी.

गेल्या वर्षी ही गेली. आमचं जॉइंट खातं होतं, १९७६ साली लग्नानंतर महिनाभरात उघडलेलं. मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत गेलो. काउंटरवरचा मुलगा भला होता. हळूच म्हणाला, "काका, काकीनुं नाम केन्सल करवुं पडशे." मी मान हलवली. किती बायामाणसांना मी स्वतः हेच सांगितलं होतं, तेही फॉर्मवरून डोकं वर न काढता.

त्यानं पासबुकाचं पहिलं पान उघडलं आणि ड्रॉवरमधून व्हाइटनरची बाटली काढली. माझा हात आपोआप पुढे गेला. म्हटलं, "बेटा, व्हाइटनर नको. रेघ मार नि सही कर. नियम आहे." आवाज जरा चढलाच असावा. तो गडबडला, पण त्यानं ऐकलं. लाल पेननं पट्टी धरून सरळ रेघ मारली, सही केली, तारीख घातली.

घरी आल्यावर चष्मा लावून पाहिलं. रेघेखाली तिचं नाव अक्षर न् अक्षर वाचता येतं.

नवीन पासबुक देतो म्हणाला होता. मी घेतलं नाही.