बऱ्हाणपूर : महाल पडले, पाणी वाहते आहे

ऐतिहासिक राजधानी पाहायची म्हटली की आपल्याला दिल्ली आणि आग्रा आठवते. हल्ली घरातली मुले मोबाइलवर इस्तंबूल आणि पॅरिसही दाखवतात. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला एक राजधानी इतकी जवळ आहे की शनिवारी फजरनंतर निघावे आणि रविवारी इशाच्या नमाजला घरी पोहोचावे. ती म्हणजे बऱ्हाणपूर. हे शहर मध्य प्रदेशात असले तरी आपल्या भागाशी त्याचे नाते जुने आहे. लग्नाची खरेदी आणि सोयरिकी यांच्या निमित्ताने आपल्यातले बरेच जण तिथे जातात, पण शहर पाहायला म्हणून जाणारे थोडे. या हिवाळ्यात धामणगाव बढेहून आम्ही दोघे मित्र खास त्यासाठीच गेलो. आमचे दोस्त गावोगाव फिरून विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतात. त्यांच्या सोबतीमुळे हा प्रवास किल्ल्या-मकबऱ्यांपेक्षा पाण्याचाच जास्त झाला.

या शहराची एक गोष्ट तर आमच्याच मोताळा तालुक्यात सुरू होते. खानदेशच्या फारुकी घराण्यातील नसीर खान याने १४०० च्या सुमारास तापीच्या उत्तर काठावर शहर वसवले. त्याला खुलदाबादचे सूफी हजरत बुरहानुद्दीन गरीब यांचे नाव दिले. पलीकडच्या काठावर जैनाबाद वसले, ते हजरत जैनुद्दीन शिराजी यांच्या नावाने. याच नसीर खानाची मुलगी बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद याला दिली होती. नवऱ्याने आपल्याकडे पाठ फिरवली, अशी तक्रार तिने माहेरी कळवली. बाप फौज घेऊन वऱ्हाडात उतरला. १४३७ मध्ये आमच्या रोहिणखेडच्या घाटात बहमनी सेनापती खलफ हसन याने त्याचा पराभव केला, बऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग केला आणि शहर लुटले. नसीर खान त्याच वर्षी वारला. रोहिणखेडला १५८२ ची जुनी मस्जिद पाहायला लोक येतात. त्याच गावच्या घाटाने शेजारच्या राजधानीचे नशीब एकदा फिरवले होते, हे मात्र आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

आम्ही मलकापूर गाठले, तिथून मुक्ताईनगर आणि पूर्णा ओलांडून इच्छापूरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंनी केळीच केळी. तापीचा पूल आला की पलीकडे शहर दिसू लागते आणि नदीकाठचा शाही किल्ला नजरेत भरतो. आम्ही मात्र आधी जामा मस्जिदीकडे गेलो.

गांधी चौकातल्या बाजाराच्या गर्दीत दोन उंच मिनार उभे आहेत. आत शिरलो की गोंगाट मागे राहतो. समोर काळ्या दगडाच्या पंधरा कमानी आहेत आणि वर एकही घुमट नाही. आतले छत दगडी खांबांवर आणि कमानींवर तोललेले आहे. ही मस्जिद आदिलशाह फारुकी म्हणजेच राजा अली खान याने बांधली. आतल्या भिंतीवर अरबी लेख आहे आणि त्याच्याच सोबत एक संस्कृत लेखही कोरलेला आहे. त्यात सृष्टी निर्माण करणाऱ्याला वंदन केले आहे, फारुकी घराण्याची वंशावळ दिली आहे आणि पंचांगाप्रमाणे तिथी-नक्षत्रासह शके १५११ हे साल नोंदवले आहे. मस्जिद बांधणाऱ्या सुलतानाला आपल्या रयतेची विद्वत्तेची भाषा मिहराबच्या भिंतीजवळ कोरावीशी वाटली आणि चारशे वर्षांत ती कोणी पुसली नाही. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेऊन फारुकी राज्य संपवले. त्याने आपल्या विजयाचा लेख याच मस्जिदीत कोरवला, पण जुन्या लेखांना हात लावला नाही.

जोहरची जमात मिळाली. नमाजनंतर आमचे दोस्त बराच वेळ त्या संस्कृत ओळींसमोर उभे होते. देवनागरी असल्याने अक्षरे थोडी थोडी लागत होती. म्हणाले, "भाई, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात का नाही?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

इथून इतवारा भागात गेलो तर 'बीबी की मस्जिद' दिसते. ती जामा मस्जिदीहून जुनी. एका फारुकी सुलतानाच्या बेगमेने ती बांधवली. बायकांच्या हातून उभी राहिलेली कामे इतिहासात अशीच नावापुरती उरतात. तेवढे तरी उरले हे चांगले.

दुपारी शाही किल्ला पाहिला. तापीच्या काठावर कधी काळी मजल्यांवर मजले चढलेला महाल होता. आता बराचसा पडला आहे, राहिल्या त्या भिंती आणि चबुतरे. शाबूत आहे तो हमामखाना. त्याच्या छतावर वेलबुट्टीचे रंग अजून दिसतात, मध्ये हौज आहे, भिंतींतून गरम आणि गार पाणी खेळवलेले होते. इथेच शाहजहानची फौज दख्खनच्या मोहिमेसाठी मुक्काम करून होती आणि इथेच १७ जून १६३१ रोजी मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात वारली. तिला आधी तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्याच्या बागेत दफन केले. सहा महिन्यांनी मय्यत आग्ऱ्याला नेली. जगाने ताजमहाल पाहिला. पहिली कबर मात्र आपल्या शेजारी होती.

ही गोष्ट प्रेमकथा म्हणून सांगितली जाते. त्या पडक्या भिंतींजवळ उभे राहून आम्हाला ती बाळंतपणाची गोष्ट वाटली. जवळच शाहजादा शुजाच्या बेगमेचा खरबुजाच्या आकाराचा छोटा मकबरा आहे. आत भिंतींवर सुंदर रंगकाम आहे. तीही बाळंतपणातच गेली असे सांगतात. हकीम आणि दाया यांची उणीव नसलेल्या घरातल्या या बायका. आज आपल्या गावात दवाखाना आहे, गाडी आहे, तपासण्या आहेत. तरीही सुनेला वेळेवर न नेणारी घरे आहेतच. अशा घरच्या मोठ्यांना एकदा हा मकबरा दाखवायला आणावे.

त्याच काळात, १६३० ते १६३२ दरम्यान, दख्खन आणि गुजरातेत भयंकर दुष्काळ होता. बादशहाने बऱ्हाणपुरात लंगर उघडले आणि दर सोमवारी ५,००० रुपये गरिबांत वाटायला सांगितले, अशी नोंद दरबारी इतिहासात आहे. पण दुष्काळ लंगरने मिटत नाही, पाण्याने मिटतो. त्या पाण्याचे काम या शहरात आधीच कोणी तरी करून ठेवले होते. ते पाहायला रविवारची सकाळ राखून ठेवली होती.

शनिवारी रात्री बाजारात मावा जलेबी खाल्ली. रंगाने काळपट, खव्याची, एक खाल्ली तरी पोट भरते. रमजानमध्ये मुंबईतही ती बऱ्हाणपूरच्या नावाने विकतात. घरच्यांसाठी दराबा बांधून घेतला. रवा, साखर आणि तूप बराच वेळ फेटून केलेला हा पदार्थ तोंडात टाकला की विरघळतो. गल्लीतून परतताना यंत्रमागांची खडखड ऐकू येत होती. हे शहर विणकरांचे आहे. सतराव्या शतकात ताव्हर्निये हा फ्रेंच व्यापारी इथे आला होता. इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, रशिया आणि पोलंडपर्यंत जाते, असे त्याने लिहून ठेवले. युरोपातल्या राजधान्या पाहायला आपण धडपडतो. एके काळी त्या मुलखात आमच्या शेजारच्या मोमिनांनी विणलेले कापड वापरले जात होते.

रविवारी सकाळी लालबागेकडे कुंडी भंडारा पाहायला गेलो. लोक त्याला खुनी भंडाराही म्हणतात. अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे ज्यांचे दोहे शाळेत शिकवतात ते रहीम, मोगलांचे सुभेदार म्हणून इथे होते. १६१५ च्या सुमारास त्यांच्या काळात तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ही योजना आखली. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि पोटातून तापीकडे सरकतो. तो वाटेतच जमिनीखालच्या बोगद्यात धरायचा आणि ढाळावर ढाळ देत शहरापर्यंत आणायचा, अशी ही रचना. बोगद्याच्या रेषेवर ठराविक अंतराने कुंड्या म्हणजे विहिरीसारखी गोल तोंडे आहेत. त्यातून हवा जाते, उजेड जातो आणि माणूस उतरून गाळ काढू शकतो. अशा शंभरावर कुंड्या एका ओळीत आहेत.

लिफ्टने सुमारे ८० फूट खाली गेलो. खाली गारवा, भिंतींवर पाण्यातल्या चुन्याचे पांढरे थर, आणि पायाखालून वाहणारे नितळ पाणी. आमच्या दोस्तांनी सवयीने विचारले, "मोटार कुठे बसवली आहे?" लिफ्टवाल्याने हसून सांगितले, "मोटार नहीं है, भाईजान. चारसौ साल से ऐसेही चल रहा है." दोस्त खाली बसले, हाताने पाण्याचा वेग पाहिला, भिंतीचा ढाळ पाहिला आणि गप्प झाले. वर आल्यावर म्हणाले, "आपण वीज जाळून पाणी वर ओढतो. यांनी पाण्यालाच चालत आणले."

मार्च २०२४ मध्ये ही योजना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. पण यादीपेक्षा महत्त्वाचे हे की हे पाणी डोंगरावरच्या झाडीवर आणि मुरणाऱ्या पावसावर अवलंबून आहे. वरची झाडी तुटली, बोअर वाढले तर कुंड्या कोरड्या पडतील. अशा आठ योजना एके काळी होत्या, आज सगळ्या वाहत नाहीत.

दोन दिवसांत जे पाहिले त्यातून एक गोष्ट मनात राहिली. या शहरात राजांनी स्वतःसाठी जे बांधले ते बरेचसे पडले. सगळ्यांसाठी जे बांधले ते वापरात आहे: मस्जिदीत पाच वेळा सफा भरतात, कुंड्यांत पाणी वाहते, गल्लीत माग चालतात. पाणी हा उत्तम सदका आहे, हे आपण वाजमध्ये ऐकतो. सदका-ए-जारिया म्हणजे काय ते आम्ही ८० फूट खाली डोळ्यांनी पाहिले.

घरच्यांसह जाणार असाल तर हिवाळा बरा. शनिवारी मस्जिद, किल्ला आणि मकबरे करावेत. रविवारी सकाळी कुंडी भंडारा, मग दर्गाह-ए-हकीमीची स्वच्छ बाग. वेळ उरला तर मिर्झाराजे जयसिंगांची छत्री पाहावी. पुरंदरच्या तहाचे हेच जयसिंग १६६७ मध्ये बऱ्हाणपुरात वारले. म्हाताऱ्या माणसांनी लिफ्टने खाली उतरण्याआधी दम्याचा विचार करावा.

परतताना मुक्ताईनगरपर्यंत आमच्यात फारसे बोलणे झाले नाही. मलकापूर सोडल्यावर दोस्तांनी विषय काढला. आमच्या मोहल्ल्यात एक जुनी दगडी विहीर आहे. नळ आल्यापासून तिच्यात कचरा पडतो. बोअर दर उन्हाळ्यात आणखी खोल न्यावे लागतात आणि विहीर मात्र बुजत चालली आहे. मृगाआधी गाळ काढायचा तर किती माणसे लागतील, क्रेनवाला दिवसाचे किती घेईल, छतांचे पाणी पन्हळीने तिच्यात सोडता येईल का, याचा हिशोब गाव येईपर्यंत चालला. पुढच्या जुम्याला नमाजनंतर तो मोहल्ल्यातल्या तरुणांपुढे मांडायचे ठरले आहे. तुमच्याही गावात अशी एखादी विहीर असेल. तिचा गाळ उपसायला कोणाच्या फर्मानाची गरज नाही.