ठेवून आलेला खडा

बार्शीच्या आडत बाजारात उभे आयुष्य घालवून निवृत्त झालेले एक आजोबा डिसेंबर महिन्यात मुलासमवेत अंटार्क्टिकाच्या जहाजप्रवासास निघाले, तेव्हा नातवाने एकच वस्तू मागितली होती : तिथला एक दगड. आजोबांनी शब्द दिला होता.

दक्षिण शेटलंड द्वीपसमूहातील हाफ मून बेटावर उतरण्याची ती सकाळ. कपड्यांच्या शिवणीत गवताचे एखादे बीही राहू नये, म्हणून आदल्या दिवशीच सर्वांचे कपडे व पिशव्या यंत्राने झाडून घेतल्या होत्या. उतरताना बूट जंतुनाशकात बुडवायचे, परतल्यावर पुन्हा धुवायचे. किनाऱ्यावर एका वेळी 100 हून अधिक प्रवासी नसावेत, पेंग्विनपासून किमान 5 मीटर दूर राहावे, त्यांची वाट अडवू नये, काही खाऊ नये, टाकू नये आणि काहीही उचलू नये. या शेवटच्या नियमापाशी आजोबांचे मन अडखळले होते.

रबरी होडीतून उतरताच पायाशी असंख्य खडे दिसले. कोणाचे लक्ष नाही असे पाहून त्यांनी एक उचलला आणि मुठीत धरला. इतक्यात हनुवटीखाली काळी रेघ असलेला एक पेंग्विन चोचीत तसाच खडा घेऊन समोरून गेला. चढावर पोहोचून त्याने तो जोडीदारापुढे ठेवला. तेथे खड्यांचे गोल घरटे होते. वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यापासून अंडी त्यामुळेच वाचतात. दोघांचे लक्ष चुकताच शेजाऱ्याने त्यातलाच एक खडा पळवला.

आजोबांनी मूठ उघडली व खडा जागच्या जागी ठेवला.

मुलगा हळूच म्हणाला, "अण्णा, एका खड्याने काय बिघडणार होते?"

ते काही बोलले नाहीत.

दुपारी जहाज डिसेप्शन बेटाच्या अरुंद मुखातून आत शिरले. हे बेट म्हणजे समुद्राने भरलेले ज्वालामुखीचे मुख. व्हेलर्स बे येथील काळ्या वाळूतून वाफ निघत होती आणि किनाऱ्यावर गंजलेली प्रचंड लोखंडी भांडी व टाक्या उभ्या होत्या. 1912 ते 1931 या काळात येथे व्हेल माशांची चरबी वितळवून तेल काढले जाई. पुढे तेलाचे भाव कोसळले, भर समुद्रातच तेल काढणारी जहाजे आली आणि कारखाना बंद पडला. शिकार मात्र समुद्रावर चालूच राहिली. व्यापारी शिकारीवर बंदी लागू झाली ती 1986 मध्ये. तोवर कित्येक जाती नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आल्या होत्या.

त्या टाक्यांपुढे आजोबा बराच वेळ उभे राहिले. मग मुलाला म्हणाले, "नमुना म्हणून जो तो मूठभर धान्य नेतो. एका मुठीने पोते रिकामे होत नाही, हे प्रत्येकाचे खरेच असते. संध्याकाळी पोते मात्र हलके झालेले असते. न दिलेले घ्यायचे नाही, असे घरी आपण मुलांना शिकवतो. येथे देणारा कोण होता?"

रात्री सूर्य क्षितिजापाशी रेंगाळत असता त्यांनी नातवाला चोचीत खडा धरलेल्या पेंग्विनचे छायाचित्र पाठवले. खाली लिहिले, "तुझा दगड मिळाला होता. त्याची गरज असलेल्याकडे ठेवून आलो. शब्द मोडल्याबद्दल आजोबांना क्षमा कर."