पंचा आणि तुर्की टॉवेल

वर्षाऋतूचे वर्णन करताना कविजनांस मेघ, मयूर, इंद्रधनुष्य या सर्वांचे स्मरण होते. परंतु वळणीवर लोंबणाऱ्या ओल्या टॉवेलाकडे त्यांपैकी कोणी वळून पाहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कोकणातील गृहस्थास मात्र जून ते सप्टेंबरपर्यंत इंद्रधनुष्यापेक्षा त्याचेच दर्शन अधिक घडते. विषय क्षुद्र आहे, असे वाचकांस प्रथमदर्शनी वाटेल. वाटो बापडे! ज्याने आषाढातील सकाळी स्नान करून कालच्याच दमट, कुबट टॉवेलाने अंग पुसले असेल, तो तरी आम्हांस हसणार नाही.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी आहे. या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा या चार महिन्यांतच. जांभ्याच्या भिंती पाणी पितात, बरणीतल्या मिठास पाझर फुटतो, पेटीतील पुस्तकांवर बुरशी चढते. अशा घरात माणसे सात, आणि कपडे वाळवावयास पडवीतील वळणी एकच.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीस थोरल्या बंधूंनी मुंबईहून सात जाड टॉवेल आणले. हात फिरवावा तर मखमलीवरून फिरल्याचा भास व्हावा, इतके ते मऊ. दिवाळीपासून वैशाखापर्यंत त्यांनी उत्तम सेवा केली. मग मृग लागला, आणि तिसऱ्या दिवसापासून पडवीत आंबूस वास दरवळू लागला. आजीचा पंचा तेवढा रोज सकाळी कोरडा असे. बंधू म्हणाले, “आजी, पंच्याने अंग पुसण्याचे दिवस गेले आता.” आजी म्हणाली, “दिवस गेले असतील रे बाबा, पण पाऊस कुठे गेलाय?”

या वाक्याचा विचार आम्ही पुढे पुष्कळ केला. जाड टॉवेलास आपण ‘तुर्की’ म्हणतो ते उगीच नव्हे. तुर्कस्तानातील बुर्सा येथे विणले जाणारे फासेदार कापड हेन्री ख्रिस्ती नामक इंग्रज प्रवाशाने पाहिले. तसे कापड यंत्रावर विणण्याची युक्ती पुढे इंग्लंडात निघाली, आणि १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनात ते मांडले गेले. आपल्याकडे सोलापूरने या विणीत नाव मिळविले. सोलापूरच्या कोरड्या हवेत सकाळी धुतलेला टॉवेल दुपारी घडी घालून ठेवता येतो. तोच सह्याद्री उतरून आमच्या पडवीत आला की त्याची दशा पाहवत नाही. दोष विणकराचा नाही, हवेचा आहे.

त्या कापडाच्या दोन्ही अंगांस सुताचे असंख्य फासे असतात. हे फासे पाणी झटकन टिपतात, हा त्यांचा गुण. आणि टिपलेले सोडीत नाहीत, हा आमच्यासारख्यांच्या दृष्टीने अवगुण. हवा आधीच बाष्पाने भरलेली असली म्हणजे ती कापडातील पाणी फार सावकाश घेते. अशा वेळी कापडात मुळात पाणी किती आहे, आणि त्याचा किती पृष्ठभाग वाऱ्यास उघडा आहे, यावरच सारे अवलंबून राहते. टॉवेलाच्या वेष्टनावर हल्ली चौरस मीटरास किती ग्रॅम, हा आकडा छापलेला असतो. दुकानदार सहाशेचा टॉवेल कौतुकाने पुढे करतो. दीड मीटर लांब व पाऊण मीटर रुंद असा तो टॉवेल कोरडाच ६७५ ग्रॅम भरतो; त्याच मापाचा तीनशेचा टॉवेल सुमारे ३४० ग्रॅम. हाताने पिळल्यावरही सुताचे कापड साधारण आपल्या वजनाइतके पाणी धरून ठेवते, हे ध्यानी घेतले म्हणजे पावसाळ्यात कोणता घ्यावा हे सांगावयास नको. पंचा तर एकपदरी, फाशांवाचून विणलेला. तो पसरला की दोन्ही अंगांनी वारा खातो.

एवढ्यावर भागले असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु श्रावणात आमच्या नऊ वर्षांच्या पुतण्याच्या मांडीवर गजकर्ण उठले. वळणीवरचे टॉवेल एकमेकांवर पडत, घाईत कोणाचा कोणी घेई. पंधरवड्यात वहिनींच्या कमरेसही तोच विकार झाला. दुकानातून आणलेल्या मलमाने आठवडाभर लाली उतरली, आणि मग दुपटीने पसरली. रात्री पोर खाजवून रडे आणि त्याची आई आपली खाज विसरून त्याचे हात धरून बसे. अखेर तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितले की मलमात स्टेरॉइड मिसळलेले होते. त्याने लक्षणे दबतात, बुरशी मात्र फोफावते. त्वचेवरील या बुरशीची नेहमीच्या औषधास दाद न देणारी एक जात अलीकडे भारतात पसरली असून २०२० साली तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव मिळाले. पुतण्यास तीच झाली होती की काय, हे आम्ही सांगू शकत नाही. औषध मात्र दोन महिन्यांवर चालले. डॉक्टरांची ताकीद अशी की, ज्याचा टॉवेल त्याने वापरावा, गरम पाण्याने धुवावा, आणि ओला टॉवेल अंगास लावू नये.

ताकीद पाळावयाची तर वाळणारे कापड हवे. आम्ही माणशी दोन पंचे आणले, आणि ज्यांस पंचा पुरत नाही त्यांच्यासाठी तीनशेच्या आतबाहेरचे पातळ टॉवेल. पंचा लवकर भिजतो, केस पुसावयास तोकडा पडतो, ही तक्रार खरी आहे, म्हणूनच जोडी. कृत्रिम धाग्याचे टॉवेलही लवकर वाळतात, पण ते अंगास चिकटल्यासारखे लागतात आणि आम्हांस आवडले नाहीत. वहिनींनी एक चौकडीदार, मधाच्या पोळ्यासारख्या खळग्यांच्या विणीचा टॉवेल आणला आहे. तो पंच्याहून मऊ आणि जवळजवळ तितकाच चटकन वाळणारा निघाला. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव आम्ही बंद केले. त्यांचा लेप सुतावर बसला की पाणी नीट टिपले जात नाही. वळणीवर दुमडून टाकण्याऐवजी दोन टोके चिमट्यांनी धरून टॉवेल एकेरी सोडावा, खाली पंखा लावावा, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

बंधूंचे ते सात टॉवेल आता मृगापूर्वी उन्हात कडक वाळवून, कापूर घालून पेटीत जातात आणि दिवाळीस बाहेर निघतात. त्यांपैकी एक आजीने मागून घेतला आहे. गुडघे दुखतात तेव्हा ती तो चुलीपाशी गरम करून शेकावयास घेते, आणि बंधूंस ऐकू जाईल अशा बेताने त्याची स्तुती करते.