चूल न पेटलेला शुक्रवार

नव्या वर्षाची दिनदर्शिका भिंतीवर लावली, की मी सर्वांत आधी तीन तारखा शोधतो : भस्म बुधवार, उत्तम शुक्रवार आणि तमिळ पंगुनि महिन्यातील उत्तिरम्. पहिल्या दोन तारखा शोधण्याचे कारण वाचकांना सांगायला नको. तिसरीचे कारण सांगायचे, तर मला बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथला, १९८६ सालच्या मार्च महिन्यात परत जावे लागेल.

आम्ही मूळचे वसईचे. वडील परळीच्या औष्णिक वीज केंद्रात नोकरीला होते. तिथल्या वसाहतीत साऱ्या देशातून आलेली माणसे एकमेकांना लागून राहत. आमच्या शेजारी काकू राहत. त्या माजलगाव तालुक्यातल्या. समोरच्या घरात मामी, त्या तिरुनेलवेलीकडच्या. आम्ही कॅथलिक कुटुंबे मोजकीच होतो. पवित्र मिस्सा अर्पण करण्यासाठी फादर महिन्यातून एकदा येत, आणि त्या रविवारी आमच्या घराला सणाचे रूप येई.

तीन घरांच्या भिंतींवर तीन दिनदर्शिका होत्या. काकूंकडे ‘कालनिर्णय’, आमच्याकडे संतांच्या सणांची, आणि मामींकडे रोज एक पान फाडायची जाडजूड तमिळ दिनदर्शिका. मामींचे फाडलेले पान आम्हा मुलांना हिशेब करायला मिळे. त्या वळणदार अक्षरांतले आम्हांला एकही समजत नसे.

काकूंचा महिना चंद्राचा. अमावास्येला तो संपे. चंद्राची बारा आवर्तने ३५४ दिवसांत पुरी होतात आणि सूर्याच्या वर्षाला सुमारे अकरा दिवस कमी पडतात. ही तूट भरण्यासाठी साधारण तेहतीस महिन्यांनी अधिक मास येतो. १९८५ साली अधिक श्रावण आला, तेव्हा काकू गोदाकाठच्या पुरुषोत्तमपुरीला जाऊन आल्या होत्या. अधिक मासात तेथे पुरुषोत्तमाच्या दर्शनाला मोठी गर्दी होते. त्या वर्षी एकादश्याही चोवीसच्या सव्वीस झाल्या.

मामींना या अधिक मासाचे नवल वाटे. त्यांचा महिना सूर्याचा. सूर्य एका राशीतून दुसरीत गेला की महिना बदलला. म्हणून चित्तिरै दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमाराला, आडी जुलैच्या मध्याला आणि मार्गळि डिसेंबरच्या मध्याला सुरू होई. अधिक महिना घालण्याची गरजच नाही. व्रताचा दिवस मात्र त्या सौर महिन्यातील नक्षत्रावरून किंवा तिथीवरून ठरे. कृत्तिका नक्षत्राचा उपवास, षष्ठीचा उपवास, प्रदोषाचा उपवास. दिवाळीनंतर स्कंदषष्ठीचे सहा दिवस त्या मुरुगनसाठी व्रतस्थ राहत आणि समुद्रकाठच्या तिरुचेंदूरच्या मंदिराची आठवण काढत. प्रदोषाला त्यांची पावले वैजनाथाकडे वळत. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या त्या ज्योतिर्लिंगाच्या गावी आपण राहतो, याचे त्यांना फार अप्रूप होते.

उपवासाच्या पदार्थांवरून मात्र तिघींची गमतीची चर्चा चाले. काकूंना साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी चाले. मामी भात सोडत, पण रव्याचा उपमा घेत. काकू म्हणत, “रवा खाल्ल्यावर उपवास राहिला कुठं, बाई?” आमच्या घरी प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य असे, वसईहून आणलेला सुका बोंबील मात्र चाले. हे ऐकून त्या दोघी एकदम एका बाजूला झाल्या. “मासे खाऊन उपवास?” असे म्हणत काकू पदर तोंडाला लावून हसल्या. आईही हसली. मला मात्र ते लागले.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. फेब्रुवारी महिन्यात पोप जॉन पॉल दुसरे भारतात येऊन गेले होते. त्यांच्या छायाचित्रांची कात्रणे मी वहीत चिकटवली होती. आपला धर्म तेवढा खरा आणि त्याची राखण करणे हे माझे काम, अशा आवेशात मी होतो.

पवित्र सप्ताह उजाडला. त्या वर्षी धुळवड, पंगुनि उत्तिरम् आणि उत्तम शुक्रवार एकाच आठवड्यात आले. हा योगायोग नव्हता, हे वडिलांनी पुढे समजावून सांगितले. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा आपला पुनरुत्थानाचा सण. पंगुनि महिना मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतो आणि त्यातील उत्तरा फाल्गुनी नक्षत्र पौर्णिमेच्या आसपास येते. बहुतेक वर्षी मामी आणि आम्ही एकाच चंद्राकडे पाहून आपापला सण ठरवत होतो.

उत्तिरम् म्हणजे देवांच्या विवाहाचा दिवस. मुरुगन आणि देवयानै यांचा, शिव आणि पार्वती यांचा. मामींनी दिवसभर उपवास केला आणि संध्याकाळी गूळ, सुंठ, वेलदोडा घातलेले पानकम् आणि डबाभर सुंडल घेऊन त्या आमच्या दारात आल्या. दार मी उघडले.

“आम्ही हे खात नाही,” मी म्हणालो. “तुमच्या देवाला दाखवलेले आम्हांला चालत नाही.”

मामींना मराठी बेताचेच येत होते. पण हे वाक्य त्यांना पुरते समजले. त्यांनी काही म्हटले नाही. डबा हातातच धरून त्या मागे वळल्या. त्यांच्या घराची कडी हळूच लागल्याचे मी ऐकले.

आई आतून आली तोवर उशीर झाला होता. मी संत पौलाचे नाव घेऊन माझी बाजू मांडली. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा विषय आहे, एवढे मी धर्मशिक्षणात ऐकले होते. आईने पवित्र शास्त्र माझ्यापुढे ठेवले आणि आठवा अध्याय सगळा वाचायला लावला. त्या अध्यायात प्रेषिताची सारी काळजी एकच आहे : आपल्या ज्ञानाने दुसऱ्याच्या मनाला जखम होऊ नये. “आता जा आणि क्षमा माग,” आई म्हणाली. मी गेलो नाही.

उत्तम शुक्रवारी फादर दूरच्या धर्मग्रामात होते. आम्ही घरीच क्रूसाच्या वाटेची भक्ती केली. तीन वाजता वडिलांनी प्रभूच्या दुःखसहनाचे वाचन केले. प्रभूने प्राण सोडला, या ओळीशी आम्ही गुडघे टेकले. त्या शांततेत मला काहीतरी वेगळे जाणवले. दुपारी मामींच्या घरातून मोहरीच्या फोडणीचा, मग कॉफीचा वास हमखास येई. तो आज आला नव्हता. काकूंच्या स्टोव्हचा आवाजही नव्हता. रेडिओ बंद होते.

संध्याकाळी मामींचा मुलगा जिन्यात बसलेला दिसला. मी विचारले, “तुमच्याकडे आज काय आहे?”

“आमच्याकडे काही नाही,” तो म्हणाला. “तुमच्याकडे आहे. अम्मा म्हणाली, तुमच्या घरी आज देव मेला. म्हणून तिने अजून स्टोव्ह पेटवला नाही. आम्ही सकाळपासून केळी खाल्ली.”

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “आळीत मयत असली, की चूल पेटवू नये, लेकरा. तुझ्या आईनं सांगितलं होतं आज काय झालं ते.”

दोन दिवसांपूर्वी ज्या बाईंचा देव मी दारातून परत पाठवला होता, त्यांनी माझ्या देवासाठी सुतक पाळले होते. मी त्या दिवशी एका वेळेलाच जेवलो होतो, नियमाप्रमाणे. उपवास मात्र समोरच्या घरात घडला होता.

पुनरुत्थानाच्या रविवारी आईने अंड्याचा केक बाजूला ठेवला आणि मामींसाठी नारळाच्या वड्या केल्या. डबा घेऊन मी एकटाच गेलो. क्षमेचे वाक्य मी जिन्यात तीनदा घोकले होते. दारात ते आठवेना. मामींनी माझ्या हातातून डबा घेतला, “ये, कण्णा,” म्हणाल्या आणि मला आत बसवले. रिकामा डबा परत द्यायचा नसतो. त्यात त्यांनी सुंडल भरले. ते मी तिथेच बसून खाल्ले.

त्याच वर्षी २७ ऑक्टोबर रोजी पोप महोदयांनी जगातील धर्मप्रमुखांना असिसीला बोलावले. सर्वांनी आपापल्या रीतीने शांतीसाठी प्रार्थना केली आणि त्या दिवशी उपवासही केला. ती बातमी वाचताना वडील म्हणाले, “आपल्या जिन्यात हे मार्चमध्येच झाले.”

ख्रिस्तसभेने १९६६ साली उपवासाचे बंधन पुष्कळ हलके केले. बंधनाचे उपवास आता दोनच उरले : भस्म बुधवार आणि उत्तम शुक्रवार. उरलेल्या दिवसांचे काय करायचे, हे आपल्या प्रेमावर सोपवले आहे. यशया संदेष्ट्याने अठ्ठावन्नाव्या अध्यायात उपवासाचे माप सांगून ठेवलेच आहे. आपण काय सोडले याच्याइतकेच, त्याने कोणाचे ओझे हलके झाले, हे परमेश्वर पाहतो. उपवास या शब्दाचा अर्थच जवळ राहणे असा आहे. देवाच्या जवळ, हे मी लहानपणी शिकलो होतो. दुःखात असलेल्या शेजाऱ्याच्या जवळ, हे मला मामींनी आणि काकूंनी शिकवले.

काकू आता नाहीत. मामी निवृत्तीनंतर गावी गेल्या. आज मी वसईत ज्या इमारतीत राहतो, तेथे कोणाचा कोणता उपवास आहे हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून मी दिनदर्शिकेवर शेजाऱ्यांचे दिवसही लिहून ठेवतो. २०२४ साली उत्तिरम् २५ मार्चला होते आणि उत्तम शुक्रवार २९ मार्चला. पुन्हा एकच आठवडा. सोमवारी मी पानकम् केले, सुंठ थोडी जास्त झाली, आणि वरच्या मजल्यावरच्या तमिळ कुटुंबाच्या दारावर थाप मारली. त्यांच्याशी मी तोवर कधी बोललो नव्हतो.

शनिवारी माझा डबा परत आला. तो रिकामा नव्हता.