खोकल्याचं कारण

मुलाला खोकला झाला की आपल्याकडे कारणांना तोटा नसतो. केळं खाल्लं, दही कुणी दिलं, पाणी बदललं, कान बांधले नव्हते. माझ्या धाकट्या भावाला बाळदमा होता. आईने त्याचं एकेक करून केळं, ताक, पेरू, चिंचा सगळं बंद केलं. अण्णांच्या विडीपर्यंत मात्र तिची यादी कधी पोचली नाही.

सोलापुरातलं आमचं घर दोन खोल्यांचं. पाळी संपवून अण्णा गिरणीतून येत, भिंतीला टेकून विडी पेटवत आणि भावाला मांडीवर घेत. दिवसभरात तेवढाच वेळ तो त्यांच्या वाट्याला यायचा. रात्री त्याची छाती भरायची, नाकपुड्या फुलायच्या, श्वासागणिक बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची. मग त्याला खांद्यावर टाकून डॉक्टरांचं दार ठोठावायला धावत ते अण्णाच. त्यांच्या मायेबद्दल मला कधी शंका आली नाही, आणि या विषयातली खरी अडचण मला तिथेच दिसते. परक्याच्या धुरापासून आपण मुलाला बाजूला घेतो. बापाच्या मांडीवरून त्याला कोण उचलणार?

मुलाच्या शरीराचा हिशेबच वेगळा असतो. मोठा माणूस मिनिटाला बारा-पंधरा श्वास घेतो, तान्हं बाळ तीस-चाळीस. वजनाच्या मानाने त्याच्या छातीत हवा जास्त जाते म्हणा ना, आणि त्या हवेबरोबर धूरही. त्याच्या श्वासनलिका इतक्या अरुंद असतात, की आतून जराशी सूज आली तरी घरघर सुरू होते. फुप्फुसातले वायुकोश जन्मानंतरही काही वर्षं तयार होत राहतात. म्हणजे धूर पोचतो तो अजून बांधून पूर्ण न झालेल्या अवयवात. सिगारेट ओढणारा तो धूर निदान गाळून घेतो. खोलीत साठतो त्यातला बराचसा तिच्या जळत्या टोकाकडून थेट आलेला असतो.

हे ज्ञान काही कालचं नाही. 1974 साली ‘लॅन्सेट’मध्ये लंडनमधल्या बाळांचा अभ्यास छापून आला होता. आईबाप दोघंही ओढणारे असतील, तर पहिल्या वर्षात न्यूमोनिया किंवा ब्राँकायटिस होण्याचा धोका दुप्पट. माझा भाऊ तेव्हा जन्मलाही नव्हता. पुढे आम्ही इतक्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढलो, पण घरात कोण ओढतं, हे आम्हाला कुणी विचारलं नाही. हा प्रश्न केसपेपरवर नावाच्या खालोखाल असायला हवा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आपल्याकडे 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, पण कायदा उंबऱ्यापाशी थांबतो. 2016-17च्या राष्ट्रीय पाहणीत 38.7 टक्के प्रौढांना घरात दुसऱ्याच्या धुरात राहावं लागत होतं. मुलांना त्या पाहणीत विचारलेलं नव्हतं. ती राहतात मात्र त्याच घरांत. स्कॉटलंडमध्ये 2006 साली अशीच बंदी आली, तेव्हा लोक आता घरी जास्त ओढतील अशी भीती होती. घडलं उलटंच. दम्यामुळे इस्पितळात दाखल होणाऱ्या मुलांची संख्या, जी आधी वाढत होती, ती वर्षाला सुमारे 18 टक्क्यांनी घटू लागली. बाहेर लागलेलं वळण माणसं घरीही आणतात, असाच मी याचा अर्थ लावतो.

भावाला आता मुलगी आहे. तिलाही कधीकधी घरघर होते. ‘पंपाची सवय लागेल’ म्हणून नातेवाईक काळजी करतात. त्यांच्यातलेच काहीजण गॅलरीत जाऊन सिगारेट ओढतात, आणि धूर खिडकीतून, शर्टावरून पुन्हा घरात येतो. म्हणून भावाच्या घरी नियम आहे, ओढायचं असेल त्याने खाली फाटकापाशी जायचं. वडीलधाऱ्यांना हे सांगणं आपल्या घरांत सोपं नसतं. मागे एका मामांना वहिनीनेच सांगितलं, ‘‘मामा, खाली जाऊन या ना, पोरीला त्रास होतो.’’ मामा रागावले, फराळाला न थांबता निघून गेले. भाऊ दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन, पाया पडून, त्यांना जेवायला बोलावून आला. नियम मात्र त्याने मामांसाठीही बदलला नाही.